एक काना

आश्विनात गंगेचं पाणी उतरू लागलं की बनारसला एक वास सुटतो. पुराचा नव्हे, पुरानंतरचा. घाटांच्या पायऱ्यांवर पुराच्या गाळाची कमरेएवढी गाद बसलेली असते, वरून भेगाळलेली, आतून थंडगार, आणि दोन महिने तिच्यात बुडालेलं सगळं हळूहळू वर येत असतं. इथल्या माणसांना तो वास जाणवतही नाही. चौदा वर्षांत मलाही त्याची सवय झाली होती. गेल्या वर्षापासून मात्र तो नाकात शिरला की मी जिथं असेन तिथं वाकतो आणि जमिनीला हात लावून पाहतो, गरम आहे का ते.

भर रस्त्यात हे बरं दिसत नाही. मागच्या आठवड्यात एका नावाड्यानं विचारलंच, “का बाबूजी, कुछ गिर गया का?” मी म्हटलं, हो, चावी. तो बिचारा माझ्याबरोबर पाच मिनिटं चावी शोधत बसला.

मी मूळचा वाईचा. रेल्वेत विजेच्या खात्यात आहे, बदली होऊन इकडे आलो आणि इथंच रुजलो. माझा एक दुर्गुण आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यातून निघालं. मला शुद्ध मराठीचा सोस आहे. दिवसभर हिंदी बोलून तोंड आंबायचं, म्हणून रविवारी रामघाटाच्या गल्लीतल्या मराठी घरांत जाऊन बसायचो. ही माणसं कित्येक पिढ्यांपूर्वी इकडे आलेली. मराठी उंबऱ्याच्या आत बोलायची, उंबऱ्याबाहेर हिंदी, आणि उंबरा तसा फारसा उंच नाही. ‘भाजी जळून गेली’, ‘मी परेशान झालो’, ‘पंखा चालवून दे’. मी प्रत्येक वाक्याला टोकायचो. भाजी करपते, जळत नाही. स्विच कशाला, कळ म्हण. त्यांनी मनावर घेतलं नाही, उलट माझ्यासाठी जास्तीची वाटी मांडली. मीही टोकणं सोडलं नाही.

सगळ्यांत जास्त बोलणी माधवनं खाल्ली. माधव म्हणजे तिथल्या वेदपाठशाळेतल्या गुरुजींचा मुलगा, चाळिशी ओलांडलेला. गुरुजींनी पन्नास वर्षं त्या गल्लीत संथा दिली. संथा म्हणजे गुरूनं एकदा म्हणायचं आणि शिष्यानं ऐकून, जसंच्या तसं, दोनदा म्हणायचं. पुस्तक नाही, लिहिणं नाही, सगळा खेळ कानाचा. माधव बारा वर्षांचा असताना गुरुजींनी त्याला त्या ओळीतून उठवलं होतं. “तुझ्या कानात स्वर ठरत नाही,” म्हणाले. मुलगा म्हणून राग नव्हता त्यात, वैद्यानं नाडी पाहून सांगावं तसं सांगितलं. पण त्या घरात हे म्हणजे पाय तोडून दिल्यासारखं होतं. माधवनं मग मंडपवाल्याकडे माइक लावायचं काम धरलं आणि पुढं स्वतःचे स्पीकर घेतले. लग्नं, कीर्तनं, भंडारे. वेदांच्या घरातून भोंगे निघाले म्हणून गल्ली काही वर्षं हसली, मग तीही त्याच्याचकडून भोंगे नेऊ लागली.

काम चोख होतं त्याचं. तारा गुंडाळायचा तर आठाच्या आकड्यात, पीळ पडू नये म्हणून. सांध्यावर टेप लावायचा तर शेवटचं टोक दुमडून ठेवायचा, पुन्हा सोडवायला सोपं जावं म्हणून. हे मी मुद्दाम सांगतोय.

गुरुजींचे कान सत्तरीनंतर जाऊ लागले. आधी घंटा गेली, मग बायकांचे आवाज, मग माइक लावून बोललेलं. यंत्र आणलं तर त्यात नुसता कालवा. शेवटी त्यांच्याजवळ एक पाटी आली, शाळेतली असते तसलीच, लाकडी चौकटीची. जे सांगायचं ते लिहून दाखवायचं. गुरुजी वाचायचे, उत्तर तोंडानं द्यायचे, आणि त्याआधी खडू घेऊन आपलं ह्रस्व-दीर्घ दुरुस्त करायचे. गल्लीभर इतरांना टोकत फिरणारा मी, पण माझीसुद्धा एक-दोन तरी दर रविवारी निघायचीच. “एका मात्रेनं यजमानाचा घात होतो, बरं का,” असं ते हसत म्हणायचे. पाठशाळेत पहिल्या दिवशी प्रत्येकाला सांगतात ते, की उच्चार चुकला तर मंत्र उलटतो. मलाही ते तेव्हा पाठशाळेपुरतंच वाटायचं.

बहिरा झालेला वेदपाठी दिवसभर काय करतो, हे मी जवळून पाहिलं. ते वर्गाच्या दाराशी बसून शिष्यांच्या ओठांकडे बघत. ओठ चुकले की हात वर करत. पण ओठांवर स्वर दिसत नाही. कधीकधी बरोबर म्हणणाऱ्यालाही थांबवत, आणि मग आपलंच चुकलं हे त्यांच्या लक्षात येई. तेव्हा ते उठून आत जात.

हल्ली या शहरात मिरवणूक आधी ऐकू येत नाही, आधी जाणवते. खिडकीची काच कुरकुरते, पेल्यातल्या पाण्यावर वर्तुळं उठतात, छातीत कुणीतरी मुठीनं ठोकल्यासारखं होतं, आणि मग चार गल्ल्या सोडून कुठंतरी गाणं असतं. खर्जाचे डबे असतात ते. सबवूफर त्यांचं नाव, माधव आणि सगळं बनारस त्यांना नुसतं ‘बेस’ म्हणतं. मला त्यांची चीड होती. एका दुपारी माधवनं अंगणात असाच एक नवा डबा फरशीवर ठेवून तपासायला घेतला. हाताशी जे होतं ते लावलं, पाठशाळेतल्या पठणाचं एक ध्वनिमुद्रण. नुसताच खर्ज घुमत होता, शब्द कळत नव्हते. तेवढ्यात आतून गुरुजी अनवाणी बाहेर आले. फरशीवर उभे राहिले. एक पाऊल पुढं टाकलं, पुन्हा उभे राहिले, आणि म्हणाले, “कोण म्हणतंय हे? तिसऱ्या जागी घाई करतोय.”

माधवनं माझ्याकडे पाहिलं. गुरुजींना कानानं नव्हे, तळव्यांनी ऐकू येत होतं.

गेल्या वर्षीच्या आश्विनात गुरुजींचं सहस्रचंद्रदर्शन होतं. देशभर पांगलेले बारा जुने शिष्य यायचे होते आणि त्यांच्यासमोर बसून पठण करणार होते. सहा वर्षांत ज्यांनी आपल्या शिष्यांचा आवाज ऐकला नव्हता, त्यांना तो तासभर ऐकवायचा, असं माधवच्या मनानं घेतलं. फळ्यांचं मोठं आसन करायचं, त्याच्या चार कोपऱ्यांखाली पायांच्या जागी चार डबे ठेवायचे, शिष्यांच्या पुढे माइक, आणि गुरुजींना वर बसवायचं. ज्या बापानं कान नाही म्हणून वर्गातून उठवलं, त्याला तो कान करून देणार होता. हे त्यानं मला या शब्दांत सांगितलं नाही. “अप्पांना एक बार ऐकवायचंय, दादा,” एवढंच म्हणाला.

आता थोडं विजेचं सांगतो, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. अँप्लिफायरच्या पाठीवर लिहिलं होतं, किमान चार ओहम. प्रत्येक डबाही चार ओहमचा. ओहम म्हणजे विजेच्या वाटेतला अडथळा. तो पुरेसा असला की अँप्लिफायर बेतानं वीज सोडतो. अडथळा घटला की तो हात सैल सोडतो, स्वतः तापतो आणि तारेलाही तापवतो. डबे एकामागून एक, साखळीसारखे जोडले की अडथळे एकमेकांत मिळवले जातात. सगळ्या अधिक तारा एकत्र आणि सगळ्या उणे तारा एकत्र बांधल्या, तर उलट होतं: दोन डब्यांचे मिळून दोनच ओहम, चारांचा मिळून एक. माझ्या शाळेच्या पुस्तकात पहिलीला एकसर जोडणी म्हणायचे आणि दुसरीला समांतर. बाजारात त्यांना सिरीज आणि पॅरलल म्हणतात. चार डब्यांचे पुन्हा चार ओहम हवे असतील तर उपाय सोपा आहे. दोन-दोनच्या जोड्या करायच्या, जोडीतले दोन एकसर, आणि मग त्या दोन जोड्या समांतर.

गुरुजींना ओहमची फार मौज वाटली होती. मी पाटीवर लिहिलं तेव्हा म्हणाले, “ओम तुमच्याकडेही आहे की! आमच्यात जितकी तोंडं जास्त, तितका ओम मोठा. तुमच्यात?” मी लिहिलं, शेजारी शेजारी जोडले तर जितके जास्त तितका लहान. त्यांनी ‘शेजारी’ची माझी चुकलेली वेलांटी दीर्घ केली, पाटी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, “मग तुमचा ओम चांगला नव्हे.”

समारंभाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी माधवचा फोन आला. मी घरी चहा पीत होतो. रामघाट पंधरा मिनिटांवर, पण वाटेत पुराच्या गाळाचा चिखल होता आणि मी नुकतेच बूट धुतले होते.

“दादा, चार डबे एका अँपवर लावायचे आहेत. अप्पा वर बसणार, म्हणून विचारून घेतो. गडबड नको व्हायला.”

मी सांगितलं. दोन-दोनच्या जोड्या. जोडीतले दोन एकसर. मग जोड्या समांतर.

“जोडीतले दोन एकसर?” त्यानं शब्द जरा लांबवला. इथला हेलच तसा, म्हणून मी सोडून दिलं.

“हो, एकसर.”

“आणि मग जोड्या समांतर? ते तर एकच झालं ना, दादा?”

“एकच कसं होईल? इतकी वर्षं हा धंदा करतोस आणि एवढं कळत नाही?”

“अँप गरम नाही होणार?”

“अरे, एकसर केल्यानंच तर भार हलका होतो. मी सांगतोय ना.”

“आणि तार? दीड एमएमची आहे माझ्याकडे.”

“चालेल.”

“ठीक आहे. तुम्ही बोलताय तर ठीकच असणार,” तो म्हणाला आणि फोन ठेवला. माझा चहा अजून गरम होता.

सकाळी पुन्हा फोन आला. तपासताना अँप्लिफायरचा लाल दिवा एकदोनदा लुकलुकला होता. मी म्हटलं, दमट हवा आहे, समोर पंखा लावून ठेव, मी येतोच आहे. मी गेलो तेव्हा शिष्य बसले होते, होम पेटला होता आणि खरोखरच अँप्लिफायरसमोर एक टेबलफॅन फिरत होता. मला माझ्या सूचनेचं पालन झालेलं बघून बरं वाटलं. अँप्लिफायर भिंतीला पाठ करून होता. मी वाकून त्याच्या मागं पाहिलं नाही. पुढच्या रांगेत जागा राखली होती, तिथं जाऊन बसलो.

फळ्या खडखडू नयेत म्हणून माधवनं डब्यांच्या मधल्या पोकळीत जुन्या गोधड्या गच्च भरल्या होत्या. वर फळ्या, फळ्यांवर दर्भाचं आसन, त्यावर गुरुजी. मुख्य तार त्या गोधड्यांतूनच जात होती. चार ओहम असते तर त्या तारेला काहीही झालं नसतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन.

पठण सुरू झालं. बारा पुरुषांचा खर्ज फळ्यांत उतरला आणि गुरुजींचा चेहरा बदलला. मी तो चेहरा विसरू शकत नाही आणि विसरावा असं वाटतही नाही. त्यांनी डोळे मिटले. दोन्ही तळवे फळीवर टेकले. मग उजवा हात आपोआप उचलला जाऊन स्वर दाखवू लागला, वर, खाली, मध्ये, पन्नास वर्षं दाखवला तसा. एके ठिकाणी एक शिष्य किंचित घसरला आणि गुरुजींचा हात तिथंच थबकला. म्हातारा ऐकत होता. माधवची बायको रेवती पदर तोंडाशी धरून रडत होती. गुरुजींनी डोळे न उघडता तळवा वर केला, म्हणजे अजून, अजून मोठं. माधवनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. त्यानं आवाज वाढवला.

होमाचा धूर दाटला होता, त्यात आणखी कसला धूर मिसळला असेल तर कुणाला कळणार होतं? गुरुजींच्या कपाळावर घाम आला. आश्विनातलं ऊन, होमाची धग, कुणालाही वेगळं काही वाटलं नाही. पठण चालू असताना मध्येच उठायचं नसतं. आणि त्यांना उठायचंही नव्हतं. गोधड्यांतला कापूस भडकत नाही, आतल्या आत धुमसतो. मला ते माहीत होतं, विजेच्या खात्यात असल्या आगींचे पंचनामे मी स्वतः लिहिलेत. मी त्यांच्यापासून चार हातांवर बसून डोळे पुसत होतो.

अध्याय संपला आणि नेमका तेव्हा फ्यूज गेला. शांतता झाली. गुरुजी म्हणाले, “बंद का केलंत? चांगली ऊब येत होती.”

त्यांना उचललं तेव्हा दर्भासन फळीला चिकटलेलं होतं आणि फळीखाली सगळं लाल होतं. मांड्यांची मागची बाजू भाजली होती. दवाखान्यात नेताना ते सारखं सांगत होते, कुणी विचारत नसताना सांगत होते, “मला वाटलं आवाजच इतका जवळ आलाय.” साखरेचा आजार होता, जखमा भरल्या नाहीत. संक्रांतीच्या आत ते गेले.

डबे मी समारंभाच्या दुसऱ्याच दिवशी उघडून पाहिले होते. सगळ्या अधिक तारा एकत्र, सगळ्या उणे एकत्र. चार डबे, एक ओहम. चौपट वीज, आणि तारेत सोळापट उष्णता. सांध्यावर टेप होता आणि टेपचं टोक दुमडलेलं होतं. इतक्या नीटपणे केलेली चूक मी नोकरीत कधी पाहिली नव्हती. तेव्हा मला त्याचं नुसतं आश्चर्य वाटलं. त्याहून पुढं मी विचार केला नाही, कारण पुढचा विचार मला सोयीचा नसणार, असं आत कुठंतरी वाटत असावं.

तेराव्याला गल्ली जमली होती. कुणीतरी विचारलं, हे झालं कसं? मी म्हणालो, “मी तर बजावून सांगितलं होतं. एकसर जोड, असं दोनदा सांगितलं.” माधवनं तेव्हा मान वर केली. तोंड उघडलं. माझ्याकडे बघितलं, आणि मग म्हणाला, “हो. दादा दोनदा बोलले होते.” गल्लीनं माना हलवल्या. त्या दिवसापासून माधव म्हणजे बापाला आगीवर बसवणारा, असं ठरलं. त्यानं सगळं सामान विकून टाकलं आणि रेवतीला घेऊन रामनगरला राहायला गेला, नदीपलीकडे. मी त्याला थांबवलं नाही. मला त्याची कीव यायची, आणि सांगायला लाज वाटते, पण थोडा रागही यायचा. इतकं सोपं करून सांगितलेलं, तरी ऐकलं नाही, असा.

परवा सकाळी मुन्शी घाटावर गाद काढायचं काम चाललं होतं. पंप लावून पायऱ्यांवर पाणी मारतात आणि गाद परत नदीत ढकलतात. एका ठिकाणी चढ-उतार झाले होते, पाणी साचून राहत होतं. मुकादम वरच्या पायरीवरून फावडेवाल्यांवर ओरडला, “पहिले एकसार करा! सब एकसार कर दा, तब पाइप चलावा!”

फावडी चालली. उंचवटे मोडून सगळी गाद एका पातळीत आली. एकसारखी. कुठं कमी नाही, कुठं जास्त नाही.

मी पायरीवर बसलो. खाली ओली गाद होती, विजार भरली, मला कळलंही नाही. एकसार. मी रामघाटावर हा शब्द किती वेळा ऐकला होता! रेवती कणीक मळताना म्हणायची, पीठ एकसार झालं नाही अजून. चुना देणाऱ्याला गुरुजी म्हणाले होते, भिंत एकसार कर. त्यांच्या घरात ‘एकसर’ असा शब्दच नव्हता. तो वाईच्या शाळेत होता, माझ्या पुस्तकात होता, माझ्या मिजाशीत होता. त्या संध्याकाळी मी फोनवर ‘जोडीतले दोन एकसर’ म्हणालो आणि पलीकडे माधवनं ऐकलं: जोडीतले दोन एकसारखे. अधिकाला अधिक, उण्याला उणे. मग जोड्याही समांतर. म्हणून तर त्यानं विचारलं होतं, ते तर एकच झालं ना? म्हणून तर विचारलं होतं, गरम नाही होणार? त्याला सगळं बरोबर कळत होतं. कळत नव्हतं ते मला. सिरीज हा शब्द त्याच्या तोंडात रोज होता. माझ्याही होता, दहा ते पाच. पण रामघाटावर बोलताना मी तो वापरणार नव्हतो.

मी बराच वेळ तिथं बसून राहिलो. मनात एक फार हलका विचार येऊन गेला, तोही लिहून टाकतो. हे फक्त मला समजलंय. गुरुजी गेले, वर्ष होत आलं, माधव पलीकडे स्थिरावला असेल. आता उकरून कुणाचं भलं? पंपाचं पाणी पायऱ्यांवरून वाहत होतं आणि गाद मुकाट्यानं नदीत परत जात होती. मग मी उठलो, घरी जाऊन विजारही बदलली नाही, पुलावरून रिक्षानं तसाच रामनगरला गेलो.

या दिवसांत रामनगरात महिनाभर रामलीला असते आणि ती आजही भोंग्याशिवाय होते. हजारो माणसं गप्प बसून नुसत्या गळ्याचा आवाज ऐकतात. माधव नेमका तिथं जाऊन राहिलाय, याचं मला वाटेत राहून राहून भय वाटत होतं. बाजारात विजेच्या मोटारींची वेटोळी भरून देणारं एक दुकान आहे, तिथं तो कामाला होता. केस पांढरे झाले होते. मला बघून उठला, स्टूल पुसून दिलं, माझ्या विजारीवरच्या चिखलाकडे पाहिलं आणि काही विचारलं नाही. भिंतीवर पाटी टांगली होती, गुरुजींचीच. तिच्यावर कुणाचा पंप कधी द्यायचा ते लिहिलं होतं.

मी पाटी उतरवली, कोपऱ्यातली जागा पुसली आणि लिहिलं, ‘एकसार’.

“हे काय आहे, माधव?”

“एकसार,” तो म्हणाला. “सगळे एकसारखे. प्लसला प्लस, माइनसला माइनस.” मग हळूच, “तुम्हीच बोलला होतात, दादा. दोनदा.”

मी अंगठ्यानं ‘सा’चा काना पुसला. “मी हे म्हणालो होतो.”

तो पाटीकडे बघत राहिला. “एकसर. हे काय असतं?”

“सिरीज.”

दुकानात मागं कुठंतरी तारेचं रीळ फिरत होतं, ते फिरत राहिलं. माधव म्हणाला, “सीरीज बोलला असतात तर मला समजलं असतं.” त्यात राग नव्हता. राग असता तर मला बसायला सोपं गेलं असतं.

“चूक माझी होती,” मी म्हणालो. “तुझी नव्हती. मी येऊन बघायला हवं होतं, तेही केलं नाही. आणि तेराव्याला सगळ्यांसमोर तुझ्यावर ढकललं. मी गल्लीत जाऊन घरोघरी सांगेन.”

“गल्लीचं राहू द्या.” त्यानं पाटी माझ्या हातातून घेतली. “मी सालभर सोचतोय, दादा. तुम्ही बोललात तसंच तर केलं, मग चुकलं कुठं? वाटलं, मीच काही उलटं ऐकलं असणार. अप्पा बोलायचेच ना, माझ्या कानात ठरत नाही म्हणून.”

मग त्यानं दुसरं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला. पाठ सरळ केली, हात मांड्यांवर ठेवले, नजर माझ्या तोंडावर लावली. बारा वर्षांच्या मुलाला ओळीतून उठवलं तेव्हा तो असाच बसलेला असणार.

“एकदा तोंडानं बोला,” तो म्हणाला. “संथा द्या.”

“एकसर,” मी म्हणालो.

“एकसर,” तो म्हणाला. “एकसर.”

दोन्ही वेळा ‘स’ नेमका ह्रस्व आला.